फरशीखालची चूक

सरफोजीराजांच्या तंजावरात पायाखालची फरशी थंडच हवीशी वाटते. परंतु तेथून शीत देशी जाऊन वसलेल्या मराठी कुटुंबाला ती ऊबदार हवी असते. त्यासाठी फरशीखाली विजेने तापणारी तार अंथरतात. ही तार आखूड करण्यासाठी कापली, तर रोध घटून प्रवाह वाढतो; तारेवर तार आली किंवा भोवतालच्या मसाल्यात पोकळी राहिली, तर त्या जागी ती जळते. स्नानगृहाच्या ओल्या फरशीखाली अशी चूक जिवावरही बेतू शकते. म्हणून वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच अवश्य असावा. तार अंथरण्यापूर्वी, अंथरल्यावर आणि फरशी बसविल्यावर, असा ३ वेळा तिचा रोध मोजावा. मसाला पुरता वाळेपर्यंत वीज सोडू नये. इतकी काळजी घेऊनही बिघाड झालाच, तर जाणकाराकडून नेमकी जागा हुडकून घ्यावी. मग बहुधा एकदोन फरशा उचलूनच तार सांधता येते, सारी जमीन उकरावी लागत नाही.