माळ्यावरचा संसार

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य स्थापन झाले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. तोपर्यंत राजधानीचा मान नागपूरकडे होता. तेथील कचेऱ्यांतून काम करणारी अनेक मराठी कुटुंबे सामानसुमान बांधून इकडे आली. हंडे, घंगाळी, पाट, कपाटे यांपैकी बरोबर काय घ्यावयाचे आणि मागे काय ठेवावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागे. पुढे तात्या टोपे नगरातील पुष्कळ सरकारी घरे स्मार्ट सिटीसाठी पाडण्यात आली, आणि तेथील बिऱ्हाडे पुन्हा हलली. बदलीला आपण नावे ठेवतो; परंतु अडगळ काढण्याच्या कामी तिच्याइतका कडक गुरू दुसरा नाही.

ज्यांना कधी हलावे लागले नाही, त्यांचा माळा पाहावा. कूलरच्या जुन्या जाळ्या, आहेरात आलेले आणि एकदाही न उघडलेले काचसामान, दूरदर्शन संच मोडीत निघाला तरी जपलेले त्याचे खोके! ‘कधीतरी लागेल’ या एका वाक्याने हा सारा संसार तोलून धरलेला असतो.

जपानच्या मारी कोंडो यांनी यावर एक उपाय सांगितला व तो जगभर गाजला. वस्तू हाती घ्यावी. मनाला आनंद वाटला तर ठेवावी, एरवी तिचा निरोप घ्यावा. युक्ती चांगली आहे. पण पोळपाट हाती घेऊन कोणाला आनंद होतो, आणि त्यावाचून किती दिवस चालते? शिवाय आनंद कोणाचा? आजीच्या माहेरचे घंगाळे सुनेला अडगळ वाटते. ते तिने परस्पर मोडीत घातले, तर दुकानदार तांब्याचे वजन तेवढे करतो. आजी मग काही बोलत नाही. आणि तिचे ते न बोलणे घरात फार दिवस राहते. माझ्या मते वस्तू काढण्यापूर्वी ‘ही हवी का?’ याच्या आधी ‘ही कोणाची?’ हा प्रश्न विचारावा.

सेवाग्रामच्या आश्रमात अपरिग्रह हे व्रत होते. तेथे गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत. त्यांना वस्तू टाकण्याची नव्हे, पुरवून वापरण्याची सवय होती. आपण मात्र दाराबाहेर गेले म्हणजे नाहीसे झाले असे समजतो. भोपाळचा कचरा वर्षानुवर्षे भानपूरच्या खंतीत साचत होता. २०१८ साली तेथे कचरा टाकणे थांबले, तरी आधीचे ढीग काही एका रात्रीत विरघळले नाहीत.

पूर्वी जुन्या लुगड्यांच्या बदल्यात भांडे देणारी बोहारीण दारी येई. कपडे जात, पण पातेले येई. म्हणजे घर रिकामे असे कधी झालेच नाही! आज तिच्या जागी घरपोच खोकी येतात, आणि ती बदल्यात काही नेतही नाहीत. म्हणून माळा उपसण्याआधी महिनाभर दारातून आत काय येते ते वहीत टिपून ठेवावे. संशयास्पद वस्तूंचे गाठोडे बांधून त्यावर तारीख घालावी. पुढच्या दिवाळीपर्यंत गाठ सुटली नाही, तर आतल्या धडक्या वस्तू गरजूंना द्याव्यात. फाटक्या साड्यांची गोधडी होते.

आणि आरंभ स्वयंपाकघरातल्या झाकणांपासून करावा. ज्या झाकणाचा डबा केव्हाच हरवला आहे, त्याच्यावरून सहसा कोणी भांडत नाही.