पंचेचाळिशीत न विचारलेला प्रश्न



नेसरीत बोलायला उभं राहायचं, तर आधी खिंडीच्या दिशेनं हात जोडायला हवेत. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार तिथं पडले. अशा गावात डॉक्टरांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, मी आभारी आहे. अध्यक्षानं ग्रामीण वैद्यकीय व्यवसायाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. सर्पदंश, डेंगी, विमा योजनांची थकलेली बिलं हे सगळं कार्यवाहांच्या अहवालात नीट आलेलं आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती बरीच वर्षं मनात साठून आहे.

सत्तरीचा माणूस विसरू लागला, की आपण केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ असं लिहून मोकळे होतो. मुलगा बेळगावला नेऊन स्कॅन करून आणतो, त्यात मेंदू आक्रसलेला दिसतो आणि आपला शेरा पक्का होतो. पण हाच माणूस पंचेचाळिशीत किती पीत होता, हे कुठंच लिहिलेलं नसतं. तेव्हाही तो आपल्याचकडे येत होता. कधी बीपीसाठी, कधी ॲसिडिटीसाठी, कधी कंबरेसाठी. विचारलंच तर ‘कधीमधी’ म्हणाला, आणि आपण ‘कधीमधी’ लिहिलं.

गटारात पडणाऱ्याबद्दल मी बोलत नाही. त्याला गाव ओळखतं, आणि त्याच्यासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं आहे. मी बोलतोय ते रोज वेळेवर कामाला जाणाऱ्या, सोसायटीचं कर्ज फेडणाऱ्या आणि रात्री जेवणाआधी मुकाट्यानं क्वार्टर संपवणाऱ्या माणसाबद्दल. त्यांच्यात शिक्षक आहेत, माजी सैनिक आहेत, १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून परतलेले आहेत. ‘पितो, पण कुणाला त्रास नाही,’ असं गाव त्याच्याबद्दल म्हणतं. आपणही तेच म्हणतो.

हिशेब करून बघा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्के धरले तर, साठ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास सांगतो, की मध्यमवयात दिवसाला ३६ ग्रॅमहून जास्त पिणाऱ्या पुरुषांची स्मरणशक्ती थोडी पिणाऱ्यांपेक्षा लवकर उतरते. ब्रिटनमध्ये आठवड्याची म्हणून जी मर्यादा सांगतात, ती आपल्या दोन क्वार्टरमध्येच ओलांडली जाते.

सकाळच्या सत्रात काही मित्रांनी त्याच अभ्यासाचा २०१८ चा निष्कर्ष पुढे केला. मुळीच न पिणाऱ्यांतही डिमेन्शिया जास्त सापडला, मग थोडी घेतलेली बरी नाही का? त्या वाढीव धोक्याचा काही भाग हृदयविकार आणि मधुमेहाशी जोडलेला होता, हेही तिथंच लिहिलं आहे. आपल्याकडचा न पिणारा हा माळकरी. त्यानं आजारपणामुळे सोडलेली नाही, त्यानं कधी तोंडालाच लावलेली नाही.

दोन सख्ख्या भावांना मी त्यांच्या तरुणपणापासून पाहत आलो आहे. एकाच घरातले, एकाच चुलीवरचं जेवलेले. थोरला माळकरी, आता ऐंशी ओलांडलेला. हरिपाठ तोंडपाठ, आणि कुठल्या गटात कुणाचा किती वाटा हे तलाठ्याच्या आधी सांगतो. धाकटा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. गाडीवानाचं तोंड बघून मागच्या खेपेचं वजन सांगायचा. चाळिशीपासून रोज क्वार्टर. कधी पडला नाही, कुणाला शिवी दिली नाही. साठीनंतर आधी त्याचा व्यवहार गेला. चिडू लागला, कुणाच्याही कर्जाला जामीन राहू लागला. दारू मेंदूचा पुढचा भाग लवकर धरते, जिथं माणूस मागचापुढचा विचार करतो. मग नातवंडांची नावं जाऊ लागली. ‘अण्णांचं वय झालं,’ मुलगा म्हणाला. मी आकडा विचारला तो वहिनींना, त्याच्या बायकोला. रिकाम्या बाटल्या त्याच भंगारवाल्याला घालायच्या. महिन्याचा हिशेब त्यांना पाठ होता. इतक्या वर्षांत त्यांना तो कुणी विचारलाच नव्हता.

देखरेखीखाली दारू सोडवली, थायमिन दिलं, दोन वेळचं जेवण पोटात जाऊ लागलं. वर्षभरात तो घरच्या दुधाचा हिशेब पुन्हा ठेवू लागला. सगळं परत आलं नाही, नावं अजून अडखळतात. पण अल्झायमरचा रुग्ण असा मागे फिरत नाही. दारूनं झालेलं नुकसान थांबवता येतं, काही अंशी भरूनही येतं. जे भरून येण्याजोगं आहे, तेच आपण वयाच्या खात्यावर मांडतो. याचा मला संताप आहे.

आणि ते सलाईन! पिणारा माणूस चार दिवस न जेवता, उलट्या करत येतो आणि आपण ग्लुकोजची बाटली लावतो. त्याच्या अंगातलं थायमिन आधीच आटलेलं असतं. ग्लुकोज जाळताना उरलंसुरलं संपतं, आणि नवं काही लक्षात ठेवण्याची ताकद माणूस कायमची गमावू शकतो. वर्निकेनं १८८१ साली आणि कोर्साकॉफनं १८८७ साली या आजाराचं वर्णन केलं. साखर उतरली असेल तर ग्लुकोज अडवू नका, पण सोबत थायमिनचं इंजेक्शन गेलंच पाहिजे. ते महाग नाही.

आपल्या जिल्ह्यात बायकांनी दारूबंदीसाठी मतदान करून बाटली आडवी केली. त्यासाठी गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांचा कौल लागतो. मजुरी बुडवून त्यांनी तो दिला. आपल्याला फक्त केसपेपरवर एक ओळ लिहायची होती. तीही लिहिली गेली नाही.

या संमेलनानं केसपेपरचा एक छापील नमुना करावा. चाळिशीनंतरच्या प्रत्येकाला रोज किती, कोणती, केव्हापासून, एवढं विचारावं. आशाताईंना यात घ्यायचं का, तालुक्याची नोंद कुणी ठेवायची, पैसा कुठून आणायचा, हे दुपारच्या बैठकीत बघू. समिती नेमलीत तर मी काम करायला तयार आहे. पण नमुन्यासाठी थांबू नका. उद्या दवाखाना उघडल्यावर पंचेचाळिशीचा पहिला पेशंट येईल, त्याला आकडा विचारा. घरची बाई सोबत असेल तर तिलाही विचारा.