गिरणगावचा दिवा आणि मावळची जमीन

(व्याख्यानाचे शब्दांकन)



अपारंपरिक ऊर्जेचा विषय निघाला की राजस्थानच्या वाळवंटातील सौरप्रकल्प किंवा साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. लालबाग-परळ कोणाला आठवत नाही. वस्तुतः कोळसा सोडून निसर्गाच्या अक्षय शक्तीकडे वळण्याचा एक मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी याच गिरणगावात झाला. त्याचे यश आणि त्याचा दोष, दोन्ही आजच्या राष्ट्रीय नियोजनाला मार्गदर्शक आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. कोळसा दूरच्या बंगालमधून किंवा परदेशांतून आणावा लागे, आणि त्याचा धूर कामगारांच्या चाळींवर उतरे. सह्याद्रीच्या पावसातून वीज निर्माण करण्याची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते निवर्तले. पण १९१० मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे वाहू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील केंद्रे सुरू झाली.

हे यश केवळ यंत्रांचे नव्हते, नियोजनाचे होते. पाऊस चार महिने पडतो, गिरणी मात्र बारा महिने चालते. म्हणून घाटमाथ्यावर तलाव बांधून पाणी साठवले गेले आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडले गेले. वीज शहरापर्यंत आणणाऱ्या वाहिन्या उभारल्या गेल्या, आणि ती विकत घेणारा हक्काचा ग्राहक गिरण्यांच्या रूपाने मिळाला. साठवण, वहन आणि ग्राहक या तिन्हींचा मेळ प्रथमपासून घातला गेला.

आजच्या राष्ट्रीय धोरणाला हीच कसोटी लावावी लागेल. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली ग्लासगो येथे जाहीर केले. जून २०२५ मध्ये जलविद्युत आणि अणुऊर्जा धरून देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. तयार होणाऱ्या विजेत दोन तृतीयांशांहून अधिक वाटा अजूनही कोळशाचाच आहे. सूर्य मावळतो त्याच सुमारास घरोघरी दिवे लागतात. तेव्हा साठवणीविना सौरऊर्जेचे गणित सुटत नाही. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि सायंकाळी तेच खाली सोडायचे, हा त्यावरचा एक उपाय. भिरा येथे अशी १५० मेगावॅटची व्यवस्था गेल्या शतकाच्या अखेरीपासून आहे. आता भिवपुरीला १००० मेगावॅटचा तसाच प्रकल्प योजला आहे. वाहिन्यांचे महत्त्व तर मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळले. त्या दिवशी वाहिन्या बंद पडल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

मात्र त्या जुन्या हिशेबात एक रकाना कोराच राहिला होता. मुळशीच्या धरणात मावळातील पन्नासाहून अधिक गावांच्या भाताच्या जमिनी जाणार होत्या. सरकारने भूसंपादन कायद्याचे बळ कंपनीच्या पाठीशी उभे केले. १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले. लढा हरला, धरण झाले, गिरणगावात दिवे लागले. भीमेकडे जाणारे पाणी घाटाखाली पश्चिमेकडे वळले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

राष्ट्रहिताच्या नावाने उभ्या राहणाऱ्या योजनेने राष्ट्राच्याच एका घटकाला उघड्यावर टाकावे, ही विसंगती पुन्हा घडता कामा नये. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत २०२३ पासून खासगी जमीन भाड्याने घेण्याची तरतूद आहे. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आणि मालकी शेतकऱ्याचीच! मुळशीला जे सुचले नाही, ते शतकानंतर सुचले. अंमलबजावणीही तितक्याच प्रामाणिकपणे व्हावी.

राहिला प्रश्न खुद्द गिरणगावचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना एक कोटी घरांसाठी आहे. घरमालकाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण गिरगाव-लालबागच्या चाळीतील भाडेकरूचे छप्पर कोणाचे? ते मालकाचे, त्यावर कौले, आणि शेजारच्या टॉवरची सावली. स्वतःचे छप्पर असलेल्यासाठी आखलेली योजना त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी किलोवॅटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. त्यामुळे पुनर्विकासाच्या आराखड्यावर सही करण्यापूर्वीच गच्चीवरील सौरपट्ट्यांची अट रहिवाशांनी घालावी. नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही.

गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. पण परळच्या घरात दिवा लावणाऱ्या हाताने एवढे स्मरण ठेवावे: या प्रकाशाखाली कोणाचे तरी शेत आहे. वीज जपून वापरणे ही काटकसर तर आहेच. ते त्या शेताचे ऋणही आहे.