वेगाचा बाजार आणि सामान्य गुंतवणूकदार

याच मोहोपाड्यात, पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात, 'सेबी'ने स्थापन केलेल्या 'एनआयएसएम' या संस्थेचे संकुल आहे. २४ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथे ज्या बाजाराचे शिक्षण दिले जाते, त्याचे रूप पार पालटले आहे. पूर्वी दलाल ओरडून सौदे करीत. आज संगणक ते सेकंदाच्या सूक्ष्म अंशात करतो. बड्या संस्था भाडे भरून आपला सर्व्हर शेअर बाजाराच्या आवारातच ठेवतात. घरी मोबाईलवर भाव पाहणाऱ्याला तो दिसेपर्यंत बदललेलाही असतो.

'सेबी'चा सप्टेंबर २०२४ चा अहवाल बोलका आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांनी तोटा सोसला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. याउलट २०२३-२४ मध्ये परकीय संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा संगणकीय सौद्यांतून आला.

तथापि, यंत्र हा शत्रू नव्हे. चांगल्या कंपनीचा समभाग दहा वर्षांसाठी घेणाऱ्याचे काही पैशांच्या फरकाने फारसे बिघडत नाही. बुडतो तो यंत्राशी वेगात स्पर्धा करणारा. म्हणूनच रसायनीच्या कारखान्यांत आयुष्य वेचून मिळालेली निवृत्तीची पुंजी या शर्यतीत लावू नये, हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.