भरल्या घरी देवाची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी गोडधोड बोलावे, मंडळाच्या कामाचे कौतुक करावे, अशी रीत आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मागच्या मासिक सभेतला एक विषय माझ्या मनात घोळत होता. तोच आज आपल्यापुढे ठेवते. त्या सभेत असे निघाले, की एकादशीच्या भजनाला हल्ली सहा-सातच बायका येतात, तेव्हा ते बंद करावे आणि त्या दिवशी दुसरा काही कार्यक्रम ठेवावा. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. तो होण्याआधी आपण थोडा विचार करावा, एवढ्यासाठी हे बोलणे.

याच भजनाला एके काळी सतरंजी पुरत नसे. तेव्हा कुणाच्या घरी पाण्याची ओरड होती, कुणाच्या नवऱ्याची नोकरी कच्ची होती, कुणाचे मूल सारखे आजारी असे. आज देवाच्या दयेने घरोघरी नळ आहे, गॅस आहे, दारात गाडी आहे, मुले शिकून मार्गी लागली आहेत. संकटे गेली आणि सतरंजीवरची जागा मोकळी झाली. यात कुणाला बोल लावायचा नाही. पण असे का होते, हे तपासून पाहायला हवे.

फार मागे जायला नको. सन २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हाचे दिवस आठवा. मार्च महिन्यात देवळे बंद झाली, ती त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. आषाढीला आळंदीच्या आणि देहूच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास न्याव्या लागल्या. त्या आठ महिन्यांत ज्या घरांत कधी सांजवात लागत नव्हती, तिथेही लागू लागली. पैसा होता, पण पैशाने काही सुटेना. मोठ्या बंगल्यातला माणूस आणि पत्र्याच्या खोलीतला माणूस सारखाच हात जोडून बसला होता. देवळे उघडू देत, मग दर आठवड्याला दर्शनाला जाऊ, असे तेव्हा पुष्कळजणी म्हणत होत्या. देवळे उघडली, साथ ओसरली आणि ते बोलणेही ओसरले.

भागवताच्या पहिल्या स्कंधात, आठव्या अध्यायात कुंतीची कथा आहे. युद्ध संपले, पांडवांना राज्य मिळाले, आता सुखाचे दिवस आले. श्रीकृष्ण द्वारकेला जायला निघाले. त्या वेळी कुंतीने त्यांच्यापाशी मागावे तरी काय? तिने संकटे मागितली. संकट आले की तुम्ही येता, तुमचे दर्शन होते, म्हणून ती पुन्हापुन्हा येवोत, असे ती म्हणाली. शिवाय जन्म, ऐश्वर्य, विद्या आणि रूप यांचा ज्याला मद चढतो, त्याच्या तोंडी तुमचे नाव येत नाही, असेही तिने सांगितले. ही बाई लाक्षागृहातून लेकरांना घेऊन निघालेली आणि रानोमाळ हिंडलेली होती. तिला संकटाची हौस नव्हती. पण येणाऱ्या सुखात काय हरवू शकते, हे तिला ठाऊक होते.

मग आपण गरिबीच मागायची काय? नाही, भगिनींनो. गरिबीचे गोडवे गाणे हे पोट भरलेल्या माणसाचे काम आहे. माझ्या सासूबाईंचे माहेर कोरडवाहू भागातले. सन १९७२च्या दुष्काळात त्या लग्नाच्या वयाच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि रेशनच्या मिलोची लाल भाकरी चावायची, असे त्यांचे दिवस गेले. रात्री कामावरच्या बायका अभंग म्हणत, हे त्या सांगतात. पण त्याच वेळी काहींनी देवाचे नावच टाकले, हेही त्या सांगतात. उपाशी लेकरू मांडीवर असले म्हणजे आईचा विश्वास वाढतोच असे नाही. सन १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात तुकाराम महाराजांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. त्यातून ते विठ्ठलाकडे वळले हे खरे. परंतु दुःखाने प्रत्येकाचा तुकाराम होत नाही. म्हणून सुख आले त्याला नाव ठेवायचे नाही. ते आपला विश्वास कसा पोखरते, तेवढे ओळखायचे. मला त्याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट आपल्या स्वयंपाकघरातूनच जाते. पूर्वी पहाटे जाते घरघरू लागे आणि त्याबरोबर ओवी सुरू होई. त्या ओवीत माहेर असे, भाऊ असे आणि विठ्ठल-रखुमाईही असत. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंचा विठ्ठल त्यांच्याबरोबर दळायला बसतो, अशी आपली श्रद्धा आहे, ती उगीच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ या दोघांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. न शिकलेल्या बायकांनी केवढे धन मनात साठवले होते, पाहा! पुढे पिठाची गिरणी आली. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, पहाटेची झोप मिळाली. फार चांगले झाले. कुणी मला आज जात्यावर बस म्हटले तर मी बसणार नाही. पण देवाचे नाव त्या कामाच्या आश्रयाने घरात राहत होते. काम गेले तसे तेही गेले. त्याला दुसरी जागा द्यायची राहून गेली. विहिरीवरचे पाणी, निवडणे-टिपणे, सडासारवण, सगळ्याचे असेच झाले. हात रिकामे झाले आणि त्या रिकाम्या वेळात मोबाईल येऊन बसला.

दुसरी वाट भीतीची. आपल्या पुष्कळशा भक्तीत भीती मिसळलेली असते. पूर्वी अंगावर फोड उठले की देवी आल्या म्हणत. आया शीतलादेवीला नवस बोलत, थंड नैवेद्य दाखवत. त्या रोगाने पोरे जात, डोळे जात. मग लस घरोघर पोचली. आपल्या देशातले शेवटचे रोगी १९७५ साली सापडले आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. आता त्या नवसाचे कारण उरले नाही. यात देवीचे काही कमी झाले काय? मुळीच नाही. कमी झाली ती आपली भीती. जी भक्ती केवळ भीतीवर उभी होती, ती भीतीबरोबर जाणारच. नवसाचेही तसेच. मुलाला नोकरी लागू दे, मग तुला नारळ, हा सौदा झाला. नोकरी लागली, नारळ फुटला, हिशेब पुरा झाला. सुख येते तेव्हा आपली भक्ती किती खरी होती आणि किती देण्याघेण्याची होती, ते उघडे पडते. भीती गेल्यावर तिच्या जागी कृतज्ञता यायला पाहिजे. ज्या घरात ती येते, त्या घरातली भक्ती सुखातही टिकते. कारण मागण्यासारखे काही उरले नाही, तरी आभार मानण्यासारखे पुष्कळ असते.

तिसरी वाट 'मी'पणाची, आणि ती आपल्या भागातल्या लोकांना चांगली समजेल. प्रवरेच्या काठी आपण राहतो. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, पाट वाहू लागले. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. शेतकऱ्याच्या घरी पैसा आला, पोरे शिकली. जो शेतकरी आभाळाकडे बघून हात जोडत होता, तो आता पाटाच्या आवर्तनाची तारीख विचारू लागला. साहजिकच आहे. पण धरणात पाणी येते कुठून? कळसूबाईच्या डोंगरात, घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, तेव्हा ते भरते. म्हणजे आभाळाकडे पाहायचे सुटले, तरी आभाळावरचा आधार सुटला नाही. नळाची तोटी हातात आली म्हणून पाणी आपण केले असे होत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. तिथेही घरोघरी नळ होतेच की! धरण बांधणाऱ्यांचे, कारखाना काढणाऱ्यांचे उपकार मानावेत, स्वतःच्या कष्टांचा अभिमानही धरावा. परंतु "सगळे मीच मिळवले" हे वाक्य घरात रुजले, की त्या घरात देवालाही जागा राहत नाही आणि शेजाऱ्यालाही. कारण ज्याला आपण कुणाचे देणे लागत नाही असे वाटते, त्याला कुणाला काही द्यावेसेही वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग पैसा आणि देव एका घरात नांदूच शकत नाहीत. तसे असते तर अहिल्याबाई होळकर झाल्या नसत्या. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले, १७६६ साली सासरे मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा गेला. त्यानंतर १७९५ सालापर्यंत त्यांनी महेश्वराहून राज्य चालवले. संपत्ती अमाप होती. पण तिच्यातून काशी विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले, नदीकाठी घाट झाले, ठिकठिकाणी विहिरी आणि धर्मशाळा झाल्या. पैसा त्यांच्या हाती आला तो वाटेने पुढे जाण्यासाठी, साठून राहण्यासाठी नव्हे. पाटाचे पाणी वाहते तोवर पिकाला उपयोगी पडते, एकाच वावरात तुंबले तर ती जमीन खारवते. आपल्याकडच्या उसाच्या रानात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. संपत्तीचेही मला तसेच वाटते.

तेव्हा भरल्या घरात देवाची आठवण टिकवायची तर काय करावे? मोठे व्रत नको, आपल्या आवाक्यातले सांगते. गिरणीने आणि मिक्सरने जो वेळ वाचवला, त्यातली दहा मिनिटे रोज देवापुढे बसावे, आणि त्या वेळी काही मागू नये. आज काय मिळाले तेवढे मनाशी मोजावे. स्वयंपाकाचे तांदूळ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी. महिन्याला तो डबा गरजेच्या घरी पोचवावा, आणि त्याचा गवगवा करू नये. वर्षातून काही दिवस अंगाची सवय मोडावी. आळंदीहून पंढरपुरापर्यंत पायी जाणाऱ्या वारीत गाडीवालेही चालतात, जमिनीवर झोपतात, कुणाच्याही हातची भाकरी आनंदाने खातात. सुखाशिवाय आपले चालते, हे त्यांना तिथे कळते. सगळ्यांना वारी जमणार नाही, परंतु एखाद्या एकादशीला पंखा सोडून, घर सोडून सतरंजीवर येऊन बसणे कुणालाही जमण्यासारखे आहे. आणि मुलांच्या कानावर हे पडू द्यावे. त्यांनी आपली गरिबी पाहिलेली नाही. भीतीने देव त्यांना शिकवता येणार नाही, तो आनंदाने आणि आभाराने शिकवावा लागेल. आपण ते केले नाही, तर पुढच्या पिढीजवळ संकटात म्हणायलाही काही शब्द उरणार नाहीत. पाठ नसलेला अभंग अडचणीच्या रात्री आयत्या वेळी ओठांवर येत नाही.

आता पुन्हा मूळ गोष्टीकडे येते. एकादशीचे भजन बंद करू नये, अशी माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे. सहल काढा, पाककृतींची स्पर्धा ठेवा, मी दोन्हीला येईन. पण त्यासाठी दुसरा वार धरा. भजनाला येणाऱ्या सहा-सातजणींत दोघी अशा आहेत, की त्यांच्या घरी आज खरोखरच अडचण आहे. त्या आपले दुःख कुणाला सांगत नाहीत, फक्त टाळ हातात घेतात. ज्या दिवसांत आपल्याला गरज होती, त्या दिवसांत ही सतरंजी कुणीतरी आपल्यासाठी अंथरून ठेवली होती. आता आपले बरे चालले आहे म्हणून ती गुंडाळून ठेवणे बरे दिसेल काय? उलट ज्यांचे घर भरलेले आहे, त्यांनीच आधी येऊन ती झाडावी, अंथरावी आणि समई लावावी. मागायला न येता नुसते बसायला येणारी बाई पाहून पांडुरंगालाही बरे वाटेल असे मला वाटते.

 येत्या एकादशीला संध्याकाळी पाच वाजता टाळांची पिशवी घेऊन मी मंडळात असेन. आपण सर्वांनी यावे, असे आग्रहाचे बोलावणे करून माझे भाषण पुरे करते.