वेषांतर पुरेसे नाही



१९७५ च्या आणीबाणीत भूमिगत पत्रके हातोहात फिरत, ती बाळगणाऱ्यांच्या धैर्यावर. आज असा हात दूरदेशीचा अनोळखी माणूसही पुढे करू शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू ओढवला आणि इराण पेटून उठला. सत्तेने इंटरनेटच्या वाटा रोखल्या, तेव्हा ‘स्नोफ्लेक’ हे साधन वापरणाऱ्या इराण्यांची संख्या झपाट्याने वाढली.

त्याची रीत सोपी आहे. टॉर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘कनेक्शन’ उघडावे, तेथील तयार ब्रिजांतून स्नोफ्लेक निवडावा आणि जोडणी करावी. मग आपली वाहतूक एखाद्या स्वयंसेवकाच्या ब्राउझरमार्गे पुढे जाते. पाळत ठेवणाऱ्याला ती व्हिडिओ-संभाषणासारखी भासते. स्वयंसेवक सतत बदलत असल्याने साऱ्यांचे पत्ते रोखणे अवघड होते. स्वयंसेवक होण्यास ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडणे पुरते.

परंतु या वेषांतराला मर्यादा आहे, आणि ती आपल्याच देशात दिसली. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मिरात इंटरनेट व दूरध्वनी दोन्ही बंद झाले. वाटच नष्ट झाल्यावर वेष पालटून जाणार कोठे? जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी अमान्य केली, बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्यास बजावले. तरी फोर-जी सेवा सर्वत्र पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडला.

म्हणून हे साधन शिकावे, इतरांसाठी चालवावे. मात्र प्रत्येक बंदी-आदेशाचा जाहीर जाब विचारण्याचे काम आपलेच आहे. ते कोणतेही यंत्र करणार नाही.