साखरेचा आकडा आणि राउटरशेजारची डबी
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसमोर केलेले भाषण)



सचिवांनी मला विषय दिला ‘घरातील तंत्रज्ञान’. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मी फक्त आमच्या घरातल्या एका डबीबद्दल बोलतो. हॉलमध्ये राउटरशेजारी ती लुकलुकत असते. येणारे-जाणारे विचारतात, हा नवीन सेट टॉप बॉक्स का? तर तसं नाही. तो पत्त्याच्या कॅटएवढा पूर्ण कॉम्प्युटर आहे. नाव रास्पबेरी पाय. शाळेतल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये तो स्वस्तात काढला. आमच्याकडे तो रात्रंदिवस आमच्या मुलीच्या रक्तातल्या साखरेचा आकडा सांभाळतो.

मुलीला टाइप वन मधुमेह आहे. तिला विचारूनच मी हे आज इथं बोलतोय. आपल्याकडं ‘शुगर’ म्हटलं की पन्नाशीतला माणूस डोळ्यासमोर येतो. हा प्रकार वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड जास्त खाल्लं म्हणून होत नाही, आईनं काही चुकवलं म्हणून तर मुळीच नाही. काकू-मावशींनो, लग्नकार्यात हा प्रश्न तिच्या आईला फार वेळा विचारला गेलाय, म्हणून मुद्दाम सांगतो. झाडपाल्यानं, कारल्याच्या रसानंही तो बरा होत नाही. इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज, आयुष्यभर. १९२२ मध्ये कॅनडात पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी लेकरं जगत नसत.

इन्सुलिन कमी पडलं तर साखर चढते, आणि जास्त झालं, जेवण कमी झालं किंवा खेळ जास्त झाला तर उतरते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड. ५४ च्या खाली गेली की धोका. दिवसा लेकरू सांगतं. झोपेत काय सांगणार? आणि माझी नोकरी पाळीची. रात्रपाळीला मी बीडला आणि घरी तिची आई एकटी. ती कित्येक महिने रात्री दोनला गजर लावून उठायची आणि झोपलेल्या पोरीच्या बोटाला सुई टोचायची.

मग दंडाला लावायचा सेन्सर आला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, १४ दिवस चालतो. कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ब्लूटूथनं आकडा तिच्या फोनवर पाठवतो. पण तो फोन तिच्या उशाशी आणि मी बीडला. ही अडचण आधी दुसऱ्या एका बापाला आली होती. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्होनिया गावी जॉन कॉस्टिक नावाचे सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाइप वन निघाला. सेन्सरचा आकडा फक्त मुलाजवळच्या यंत्रावर दिसायचा. २०१३ मध्ये त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून तो आकडा इंटरनेटवर आणला. बाकीचे आईबाप येऊन मिळाले, त्यातून ‘नाइटस्काउट’ उभं राहिलं. ते फुकट आहे, आणि कुणालाही आपल्या घरी बसवता येतं.

तुम्ही म्हणाल, घरी कशाला, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. पुष्कळ पालकांनी हेरोकू नावाच्या सेवेवर फुकट ठेवलंच होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या कंपनीनं फुकटची सोय बंद केली आणि सगळ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. दुसरं कारण माझ्या मनातलं. पोरगी उद्या मोठी होणार. तिच्या आजाराची रोजची वही कुणाच्या हातात असावी, हे तिनं ठरवावं.

बसवायचं काम पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यानं केलं. अडचणी सगळ्या इथल्या. पहिली, लाईट. डबीला चार-पाच वॅट लागतात, महिन्याला तीन-साडेतीन युनिट, बिलात कळतही नाही. पण लाईट अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून सगळी नोंद एसएसडीवर ठेवली. डबी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. राउटर विसरू नका, नुसता कॉम्प्युटर चालू राहून उपयोग नाही. दुसरी अडचण, पत्ता. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. गल्लीला मिळून एकच पत्रपेटी असावी तसं. म्हणून खासगी बोगद्यासारखी जोडणी केली. ज्या फोनला आम्ही आत घेतलं, तोच आत येतो. बाकी जगाला ती डबी दिसतही नाही.

आता मी बीडला कामावर असलो तरी दर पाच मिनिटांनी आकडा बघू शकतो. पण आकडा बघून मी तिथून करणार काय? इथं आपली सोसायटी येते. आमच्या शेजारच्या मावशींनी स्वतःहून सांगितलं, मला उठवत जा. त्यावर मुलगी बिथरली. म्हणाली, माझं जेवण, माझं इंजेक्शन, सगळ्या कॉलनीनं बघायचं का? तिचं बरोबर होतं. आठ दिवस घरात खल चालला. शेवटी पुतण्यानं त्याच डबीवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. साखर ७० च्या खाली गेली आणि दहा मिनिटांत घरातल्या कुणी दखल घेतली नाही, तरच मावशींचा फोन वाजतो. त्यांना ना आलेख दिसतो, ना इन्सुलिनच्या नोंदी. आणि मावशींचं नाव त्यात ठेवायचं की काढायचं, हे मुलीच्या हातात.

आतापर्यंत मावशींचा फोन दोनदा वाजलाय. एकदा पोरगी सेन्सरच्या कुशीवर झोपली होती. दंड दाबला गेला की आकडा खोटा खाली दिसतो. दुसऱ्यांदा खरंच ५८ होती. आई तापानं फणफणलेली, गोळी घेऊन गाढ झोपलेली. मावशींनी दार वाजवून वाजवून तिला उठवलं.

हे यंत्र डॉक्टर नाही. नाइटस्काउट बनवणारेच सांगतात की त्यावर उपचाराचे निर्णय घेऊ नका. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असतो, म्हणून शंका आली की बोटाची तपासणी करायचीच. इंटरनेट गेलं तर मला आकडा दिसत नाही, तेव्हा तिच्या उशाशी असलेल्या फोनचाच भोंगा कामाला येतो. आणि खर्च डबीचा नाही, सेन्सरचा आहे. दर चौदा दिवसांनी काही हजार रुपये. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात असं लेकरू असेल तर त्यांना हे कुठून जमणार? छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था टाइप वनच्या मुलांसाठी काम करते. कुणाच्या नात्यात, शाळेत असं लेकरू असेल तर हे नाव जरूर सांगा.

कमिटीकडं एक मागणी आहे. ऑफिसातल्या प्रथमोपचार पेटीत ग्लुकोजचं पाकीट आणि बोटाच्या तपासणीचं यंत्र ठेवा. शुद्धीत असलेल्याला तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. गोळ्या-इन्सुलिन घेणारे आजी-आजोबा आपल्याकडं बरेच आहेत, त्यांच्याही कामाला येईल. तपासणीच्या पट्ट्यांना मुदत असते. तारीख बघायचं काम दर तीन महिन्यांनी एका घरानं घ्यावं. पहिले तीन महिने आमच्याकडं लावा.